फायरवॉल चालू असताना ३३०६ पोर्ट जगाला उघडा कसा राहिला?

ओढ्याकाठी | सोमवार, रात्री १०.४०

नमस्कार. आमच्या गावच्या वाचनालयाची वेबसाइट मी सांभाळतो. वाचनालय तालुका 'ब' वर्गातलं आहे. ग्रंथसूची, सभासदांची यादी, पुस्तकांची देवघेव हे सगळं तीन वर्षांपासून ऑनलाइन आहे. भाड्याचा छोटा व्हीपीएस (मोठ्या सर्व्हरमधला आपल्या वाट्याचा भाग) आहे, त्यावर उबुंटू २२.०४ ही लिनक्स प्रणाली. साइट डॉकरमध्ये चालते, म्हणजे प्रत्येक प्रोग्रॅम आपापल्या डब्यात (कंटेनरमध्ये): एक कंटेनर साइटच्या पीएचपी कोडचा, एक मारियाडीबी या डेटाबेसचा, एक रेडिस या झटपट साठ्याचा.

शनिवारी सकाळी ग्रंथपाल बाईंचा फोन आला, "सर, कुठलंही पुस्तक शोधलं तरी 'नोंद सापडली नाही' येतंय." लॉगिन करून पाहिलं तर डेटाबेसमधली आमची सगळी टेबलं गेलेली. त्या जागी एकच नवं टेबल, आणि त्यात एकच ओळ: तुमचा डेटा आमच्याकडे आहे, अमुक इतके बिटकॉइन या पत्त्यावर पाठवा.

पैसे पाठवलेले नाहीत, पाठवणारही नाही. नऊ दिवसांपूर्वीचा बॅकअप एका कार्यकर्त्याच्या लॅपटॉपवर होता, तो परत चढवला. मधल्या नऊ दिवसांच्या नोंदी गेल्या. त्याच काळात एका निवृत्त शिक्षकांनी त्यांचा सगळा संग्रह वाचनालयाला दिला होता आणि बाई रोज दुपारी बसून ती पुस्तकं टाइप करत होत्या, म्हणून जास्त लागलं.

मला न सुटलेलं कोडं वेगळंच आहे. यूएफडब्ल्यू ही उबुंटूची फायरवॉल पहिल्या दिवसापासून चालू आहे. स्टेटस पाहिलं तर २२, ८० आणि ४४३ एवढ्यांनाच परवानगी दिसते, बाकी सगळं नाकारलेलं. तरी कोणी ३३०६ वरून, म्हणजे डेटाबेसच्या पोर्टवरून, आत आलंच कसं? की दुसऱ्याच वाटेनं आलं? जाणकारांनी कृपया सांगावं. पुन्हा असं झालेलं मला नको आहे.

---

घाटवाट | सोमवार, रात्री ११.०५

वाईट वाटलं वाचून. पैसे पाठवले नाहीत हे फार बरं केलंत. या प्रकारात बऱ्याचदा समोरच्यानं डेटाची प्रत ठेवलेलीच नसते, नुसता पुसून चिठ्ठी टाकलेली असते. पैसे देऊनही हातात काही आलं नाही, असे खूप जण आहेत.

दोन गोष्टी इथे टाकाल का?

१. सर्व्हरवर 'एसएस' कमांड सुडोने चालवा. डॅशपुढे टी, यू, एल, पी, एन ही पाच अक्षरं जोडून द्या. कोणता प्रोग्रॅम कोणत्या पोर्टवर कान लावून बसलाय ते त्यात दिसेल.

२. डॉकरच्या कंपोज फाइलमध्ये (कोणते कंटेनर कसे चालवायचे ते जिथे लिहिलेलं असतं) मारियाडीबी आणि रेडिसच्या खाली 'पोर्ट्स' असं काही लिहिलंय का, असेल तर नेमकं काय?

मला अंदाज आहे, पण आधी बघू या.

---

ओढ्याकाठी | सोमवार, रात्री ११.३२

टाकतो.

एसएसमध्ये कान लावून बसलेले असे दिसतात: ०.०.०.०:२२ वर एसएसएचडी (दुरून लॉगिन करायची एसएसएच सेवा), ०.०.०.०:८० वर डॉकर-प्रॉक्सी, ४४३ वर तेच, ०.०.०.०:३३०६ वर डॉकर-प्रॉक्सी, ०.०.०.०:६३७९ वरही डॉकर-प्रॉक्सी.

कंपोज फाइलमध्ये मारियाडीबीखाली पोर्ट्स: "३३०६:३३०६" आणि रेडिसखाली "६३७९:६३७९". कुठल्याशा ट्युटोरियलमधून तसंच उचललं होतं. हे नसेल तर पीएचपीला डेटाबेस सापडणार नाही, अशी माझी समजूत होती.

---

घाटवाट | मंगळवार, रात्री १२.१०

हेच ते. यात मारियाडीबीची चूक नाही आणि यूएफडब्ल्यू बंदही पडलेलं नव्हतं. जरा सविस्तर लिहिते, कारण गेल्या पाच-सहा वर्षांत अगदी याच खड्ड्यात पडलेले सात-आठ सर्व्हर मी स्वतः पाहिलेत.

यूएफडब्ल्यू म्हणजे आयपीटेबल्स या लिनक्सच्या मूळ फायरवॉलच्या नियमांवर चढवलेला सोपा मुखवटा. तुम्ही 'फक्त २२, ८०, ४४३' म्हटलंत की ते नियम मुख्यतः 'इनपुट' साखळीत बसतात. खुद्द या मशीनसाठी आलेलं पॅकेट (नेटवरून येणारा माहितीचा तुकडा) त्या साखळीतून जातं. डॉकर मात्र आयपीटेबल्समध्ये स्वतःचे नियम परस्पर घालतं. बाहेरून ३३०६ वर आलेलं पॅकेट सुरुवातीलाच पकडून त्याचा पत्ता बदलतं आणि कंटेनरचा आतला पत्ता लावतं. पत्ता बदलला की ते पॅकेट 'या मशीनसाठी' राहत नाही, 'या मशीनमधून पुढे जाणारं' होतं आणि 'फॉरवर्ड' साखळीत शिरतं. तिथे डॉकरनं 'जाऊ द्या' असं आधीच लिहून ठेवलेलं असतं. यूएफडब्ल्यूच्या दारावर ते पॅकेट येतच नाही, मग ते अडवणार कसं? तुमचं स्टेटस खोटं बोलत नव्हतं, त्याला ही बाजूची वाट ठाऊकच नव्हती.

दुसरी गोष्ट म्हणजे "३३०६:३३०६" एवढंच लिहिलं की डॉकर ते ०.०.०.० वर लावतं, म्हणजे मशीनच्या सगळ्या पत्त्यांवर, सार्वजनिक पत्ता धरून. तुम्हाला ती ओळ लागतच नव्हती. एकाच कंपोज फाइलमधले कंटेनर आतल्या नेटवर्कवर एकमेकांना सेवेच्या नावानं हाक मारू शकतात. पीएचपीच्या सेटिंगमध्ये होस्ट म्हणून कंपोजमधलं डेटाबेसचं नाव टाका आणि पोर्ट्सची ओळ पुसून टाका. काहीही अडणार नाही.

मशीनवरच्याच एखाद्या स्क्रिप्टला डेटाबेस लागत असेल, समजा रात्रीच्या बॅकअपला, तर "१२७.०.०.१:३३०६:३३०६" असं लिहा. मग तो फक्त घरातल्या घरात ऐकतो. डॉकरची आवृत्ती मात्र २८ किंवा पुढची ठेवा. त्याआधीच्या आवृत्त्यांत असा घरातला पोर्टही त्याच स्थानिक नेटवर्कवरच्या शेजारी मशीनला गाठता येत असे.

रेडिसकडे आज रात्रीच बघा. रेडिसमध्ये ३.२ आवृत्तीपासून 'प्रोटेक्टेड मोड' आहे, पासवर्ड नसेल तर तो बाहेरच्याला उत्तर देत नाही. पण डॉकरच्या अधिकृत इमेजमध्ये कंटेनरांनी आपसात बोलावं म्हणून तो मोड बंद ठेवलेला असतो. तुमचं रेडिस पासवर्डशिवाय जगाला उघडं आहे.

एक विचारते, राग मानू नका. मारियाडीबीच्या रूटचा, म्हणजे मुख्य खात्याचा, पासवर्ड काय धाटणीचा होता?

---

ओढ्याकाठी | मंगळवार, सकाळी ६.५०

रात्रीच दोन्ही ओळी काढल्या, कंटेनर पुन्हा चढवले. साइट चालू आहे. पीएचपीला डेटाबेस नावानं सापडला.

राग कसला, ताई. पासवर्ड म्हणजे वाचनालयाचं नाव आणि स्थापनेचं साल. दोन्ही आमच्या मुख्य पानावर मोठ्या अक्षरांत आहेत.

---

रानजाई | मंगळवार, सकाळी ९.१५

धागा भीत भीत वाचतेय. गुहागरजवळ आमचं घरगुती निवास आहे, त्याची वर्डप्रेसची साइट आहे. साधं शेअर्ड होस्टिंग, सीपॅनेल (ब्राउझरमधून होस्टिंग सांभाळायचं पान) असलेलं. भाच्यानं गंमत म्हणून एका ऑनलाइन तपासनीसात आमचा पत्ता टाकला तर पंधरा-सोळा पोर्ट 'उघडे' असं लाल अक्षरांत आलं. २१, २५, ५३, ११०, १४३, ९९३, २०८३ वगैरे वगैरे. होस्टिंगवाल्यांना कळवलं तर "इट्स नॉर्मल मॅडम" एवढंच उत्तर. खरंच नॉर्मल आहे का? मुळात पोर्ट म्हणजे काय, हेही कोणी सोप्या भाषेत सांगेल का?

---

जुनाखांब | मंगळवार, सकाळी १०.००

रानजाई, मी सांगतो. नाशकात आम्ही मॉडेम लावून नेट वापरायचो तेव्हापासून या क्षेत्रात आहे.

आयपी पत्ता म्हणजे इमारत धरा आणि पोर्ट म्हणजे त्या इमारतीतले खोली क्रमांक. टीसीपीमध्ये पोर्टसाठी १६ बिटांची जागा आहे, म्हणून आकडे ० ते ६५,५३५. पैकी १०२३ पर्यंतचे जुन्या ठरलेल्या सेवांचे. वेबचा ८०, सुरक्षित वेबचा ४४३, मेल पोचवण्याचा २५, नावावरून पत्ता सांगणाऱ्या डीएनएसचा ५३. आकड्यात स्वतःचं काही नसतं. त्या खोलीत कोणी बसलेलं असेल आणि दार वाजवल्यावर ते 'बोला' म्हणत असेल तर पोर्ट उघडा. कोणी नसेल तर मशीन 'इथे कोणी नाही' असं सांगतं, तो बंद. आणि फायरवॉलनं पॅकेट गिळून टाकलं, काहीच उत्तर आलं नाही, तर तपासनीस त्याला 'फिल्टर्ड' म्हणतो.

आता तुमचं होस्टिंग. एका मशीनवर शेकडो लोकांच्या साइट्स, मेल, सगळं असतं. २१ एफटीपीचा. २५, ४६५, ५८७ मेल पाठवण्या-पोचवण्याचे. ११० आणि १४३ मेल वाचण्याचे जुने, ९९५ आणि ९९३ त्यांची कुलूपबंद रूपं. २०८३ तुमच्या सीपॅनेलचा, २०९६ वेबमेलचा. हे उघडे नसतील तर त्याच मशीनवरच्या कुणाला ना कुणाला सेवा मिळणार नाही. म्हणून 'नॉर्मल' हे उत्तर बरोबर आहे, फक्त एका ओळीत तोडायला नको होतं. शिवाय ते पोर्ट बंद करणं तुमच्या हातातच नाही, मशीन त्यांचं आहे.

तुमच्या हातात आहे ते असं: सीपॅनेलमध्ये २०८२ नं जाऊ नका, २०८३ नंच जा, पहिल्यात पासवर्ड उघडा जाऊ शकतो. फायली चढवायला साधं एफटीपी वापरू नका, एसएफटीपी घ्या. फोनवरच्या मेलमध्ये ९९३ आणि ४६५ लावा.

---

घाटवाट | मंगळवार, सकाळी १०.४०

जुनाखांब यांना +१. रानजाई, त्यात एक भर. तुमच्या यादीत ३३०६ आहे का बघा. असला तर सीपॅनेलमध्ये 'रिमोट मायएसक्यूएल' नावाचं पान उघडा. बाहेरून डेटाबेसशी कोणाला जोडता येईल त्याची यादी तिथे असते. तुमची साइट त्याच मशीनवर असेल तर ती यादी रिकामी हवी. टक्क्याचं चिन्ह दिसलं तर त्याचा अर्थ 'कुठूनही या'.

आणि मनापासून सांगते, वर्डप्रेसवाल्याला त्या पंधरा पोर्टांपेक्षा ४४३ चीच काळजी जास्त हवी. तो तर उघडा असायलाच लागतो, आणि दोन वर्षं अपडेट न केलेलं प्लगिन त्याच्याच मागे बसलेलं असतं.

---

जुनाखांब | मंगळवार, दुपारी १.२०

ओढ्याकाठी, तुमच्यासाठी एक सूचना. एसएसएच २२ वरून हलवा, एखाद्या मोठ्या आकड्यावर न्या. माझ्या लॉगमध्ये २२ वर रोज हजारो टकटकी यायच्या: रूट, अ‍ॅडमिन, टेस्ट, उबुंटू, ओरॅकल. हलवल्यावर दोन-चारच राहिल्या.

अवांतर: २२ हा आकडा कुठून आला हे फार जणांना माहीत नसतं. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात नेटवर्कवरून पासवर्ड चोरले गेले. त्यावर उपाय म्हणून तिथल्या तातू युलोनेन यांनी एसएसएच लिहिलं. एफटीपीचा २१ आणि टेलनेटचा २३, या दोघांची जागा घ्यायची म्हणून मधला रिकामा २२ त्यांनी मागितला आणि तो मिळालाही. त्याच साली १५ ऑगस्टला आपल्याकडे विदेश संचार निगमनं लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं. आम्ही टेलनेटनंच सगळीकडे शिरायचो. पासवर्ड तारेवरून उघडे जातायत याची तेव्हा कोणाला फिकीर नव्हती.

---

घाटवाट | मंगळवार, दुपारी २.०५

काका, अवांतर आवडलं. पण मुख्य मुद्द्याशी मी सहमत नाही.

पोर्ट हलवल्यानं लॉग स्वच्छ होतो हे खरं. पण त्यानं सर्व्हर सुरक्षित झाला असं ओढ्याकाठींना वाटू नये. २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेडमॅप काढलं. चांगल्या जोडणीच्या एका साध्या मशीनवरून अख्ख्या आयपीव्ही४ जगात एखादा पोर्ट कुठे कुठे उघडा आहे, हे ते ४५ मिनिटांच्या आत पाहतं. आता तर तयार शोधयंत्रं आहेत, शोडॅन २००९ पासून हेच करतंय. तुमच्या मोठ्या आकड्यावर एसएसएच ऐकतंय ही नोंद तिथे कधी ना कधी पडतेच, कारण जोडणी होताच एसएसएच स्वतःचं नाव आणि आवृत्ती सांगतं.

शिवाय १०२४ च्या वरच्या पोर्टवर मशीनवरचा कोणताही साधा युजर स्वतःचा प्रोग्रॅम बसवू शकतो, त्या खाली रूटचे अधिकार लागतात. आणि उबुंटूच्या नव्या आवृत्त्यांत एसएसएच सॉकेटवरून सुरू होतं. २४.०४ वर सेटिंग फाइलमध्ये पोर्ट बदलून नुसतं एसएसएच रिस्टार्ट केलं तर जुनाच पोर्ट चालू राहतो, सिस्टिमडी रीलोड करून एसएसएचचं सॉकेट रिस्टार्ट करावं लागतं. लोक नवा पोर्ट फायरवॉलमध्ये उघडतात, जुना बंद करतात आणि स्वतःच बाहेर राहतात.

त्यापेक्षा पासवर्डनं लॉगिन बंद करून फक्त 'की' (पासवर्डऐवजी चालणारी किल्लीची फाइल) ठेवा. यूएफडब्ल्यूमध्ये २२ ला 'अलाऊ'ऐवजी 'लिमिट' द्या. ३० सेकंदांत सहा वेळा दार वाजवणारा पत्ता तिथेच अडतो.

---

जुनाखांब | मंगळवार, दुपारी ३.३०

सॉकेटचं मला माहीत नव्हतं, चांगलं सांगितलंत. की हवीच, त्यात वाद नाही. पण आवाज कमी होणं हाही फायदा आहे, एवढं मी धरून ठेवतो. दिवसाला हजारो ओळींत खरी धोक्याची ओळ कोणाच्या डोळ्याला दिसणार?

आणि नुसती की पुरते असंही नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फायली दाबून लहान करणाऱ्या कोडच्या लायब्ररीत कोणी चोरदार घातलं होतं, थेट एसएसएचमधून आत येण्यासाठी. एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद उशीर का होतोय, म्हणून आंद्रेस फ्रॉइंड नावाचा अभियंता खोदत गेला, म्हणून ते सापडलं. स्थिर आवृत्त्यांत ते पसरायच्या आत सापडलं हे जगाचं नशीब. २२ सगळ्यांना दिसू न देणंच बरं, असं मला तेव्हापासून वाटतं.

---

घाटवाट | मंगळवार, दुपारी ३.४५

हे पूर्ण मान्य. मग पोर्ट हलवण्यापेक्षा वायरगार्ड हे व्हीपीएन (आपल्यापुरता खासगी बोगदा) लावा आणि २२ फक्त त्याच्या आतूनच उघडा ठेवा. वायरगार्ड यूडीपीवर चालतं आणि ओळखीची की नसलेल्या पॅकेटला काहीच उत्तर देत नाही. बाहेरून बघणाऱ्याला तिथे काही आहे हेही कळत नाही.

---

अनुस्वार | मंगळवार, संध्याकाळी ७.५०

हॅम्बुर्गहून. आयपीव्ही६ चा, म्हणजे आयपीव्ही४ नंतरच्या नव्या लांब पत्त्यांचा, विषय अजून कोणी काढला नाही म्हणून लिहितो.

माझ्या स्वतःच्या सर्व्हरवर मी आयपीटेबल्सचे नियम हातानं लिहिले होते, एकेक ओळ तपासून. पोस्टग्रेस या डेटाबेसचा ५४३२ बंद आहे याची खात्री होती. एके दिवशी पोस्टग्रेसच्या लॉगमध्ये अनोळखी पत्त्यांवरून फसलेली लॉगिनं दिसली, आणि ते पत्ते कोलनवाले लांबलचक. आयपीटेबल्स फक्त आयपीव्ही४ चं बघतं, आयपीव्ही६ साठी आयपी६टेबल्स वेगळं असतं. मशीनला होस्टिंगवाल्यानं दोन्ही पत्ते दिले होते. पुढच्या दाराला तीन कड्या लावल्या होत्या आणि मागचं दार ताड उघडं. पासवर्ड बळकट होता म्हणून निभावलं.

"आयपीव्ही६ एवढं अफाट आहे, कोण शोधणार?" असं काही जण म्हणतात. अंदाधुंद शोधणं अवघड आहे हे खरं, पण डीएनएसमध्ये तुमच्या साइटचा आयपीव्ही६ पत्ता तुम्हीच लिहिलेला असतो.

यूएफडब्ल्यू दोन्हींचे नियम लावतं, पण त्याच्या डिफॉल्ट फाइलमध्ये आयपीव्ही६ पुढे 'येस' आहे ना ते एकदा डोळ्यांनी पाहून घ्या.

---

तळटीप | मंगळवार, रात्री ९.१०

मी सायबर कायद्याचं काम करते. तांत्रिक चर्चा उत्तम चालली आहे, पण एक बाजू राहतेय.

ओढ्याकाठी, तुमच्या डेटाबेसमध्ये सभासदांची नावं, फोन नंबर, पत्ते होते ना? समोरच्यानं प्रत घेतली नसेल असं गृहीत धरू नका. सभासदांना साध्या मराठीत कळवा: अमुक दिवशी हे घडलं, तुमची ही माहिती त्यात होती, वाचनालयाच्या नावानं कोणी ओटीपी किंवा पैसे मागितले तर देऊ नका. सूचनाफलकावरही लावा.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्या, डेटा सेंटर, सेवापुरवठादार आणि सरकारी संस्था यांनी अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवायची असते आणि लॉग १८० दिवस जपायचे असतात. सर्ट-इनला कोणतीही बाधित संस्था किंवा व्यक्तीही कळवू शकते. तेव्हा उशीर झाला म्हणून गप्प बसू नका, आजही कळवा. सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रारही नोंदवा. खंडणीची चिठ्ठी, बिटकॉइनचा पत्ता, डॉकरचे लॉग यांची प्रत काढून ठेवल्याशिवाय जुनं मशीन पुसू नका.

आणि सगळ्यांसाठी: पोर्ट तपासायचे ते आपल्या मशीनचे. दुसऱ्याच्या सर्व्हरवर परवानगीशिवाय असले प्रयोग करू नका, 'गंमत म्हणून' तर नकोच.

---

ओढ्याकाठी | बुधवार, सकाळी ७.३०

तळटीपताई, अध्यक्षांशी बोललो. आज सभासदांना संदेश जाईल, मसुदा बाईंनी लिहिलाय. तक्रार रात्रीच नोंदवली.

दोन शंका. एक, ८० पण बंद करावा का? सगळं ४४३ वर चालतं. दोन, मुदत संपलेल्या पुस्तकांची आठवण मेलनं जाते, त्यासाठी २५ उघडावा लागेल का?

---

घाटवाट | बुधवार, सकाळी ८.१५

८० राहू द्या. त्यावर फक्त '४४३ वर जा' एवढंच उत्तर असू द्या. तुमचं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टचं असेल आणि पडताळणी एचटीटीपी पद्धतीची असेल तर ती पडताळणी ८० वरच येते. बंद केलात तर नूतनीकरण अडतं आणि एका सकाळी प्रत्येक सभासदाला 'ही साइट सुरक्षित नाही' असं पान दिसतं.

२५ उघडायची गरज नाही. तो लागतो मेल आत घ्यायला आणि तुम्ही तर फक्त पाठवता. पाठवणं ही बाहेर जाणारी जोडणी आहे, ती मेल सेवेच्या ५८७ वर युजरनेम-पासवर्ड देऊन करा. नाहीतरी बरेच क्लाउडवाले स्पॅमच्या भीतीनं बाहेर जाणारा २५ बंदच ठेवतात.

आणि कळकळीनं सांगते, या मशीनवर आता विसंबू नका. रेडिस किती दिवस उघडं होतं कोण जाणे. नवीन व्हीपीएस घ्या, त्यावर पहिल्यापासून सगळं उभं करा, पासवर्ड सगळे नवे. होस्टिंगवाल्याच्या पॅनेलमध्ये 'क्लाउड फायरवॉल' असेल तर तीही लावा. ती मशीनच्या बाहेर असते, डॉकरनं आत काहीही केलं तरी तिच्यापर्यंत त्याचा हात पोचत नाही.

मग शेवटची तपासणी बाहेरून करा, सर्व्हरवर बसून नाही. लॅपटॉपला फोनचं हॉटस्पॉट जोडा आणि एनमॅप या पोर्ट तपासायच्या साधनानं सगळे ६५,५३५ पोर्ट बघा, नेहमीचे हजार नव्हेत. पिंगला उत्तर नसलं तरी पुढे जा असं त्याला सांगायला विसरू नका. आयपीव्ही६ वेगळं तपासा. जिओच्या सिमवर बहुधा आयपीव्ही६ मिळतं, त्यामुळे तेही घरबसल्या होईल. २०१७ च्या जानेवारीत हजारो मोंगोडीबी डेटाबेस पुसले गेले तेव्हाही अनेकांना आपला डेटाबेस आतच आहे असं वाटत होतं. बाहेर उभं राहून कोणी पाहिलंच नव्हतं.

---

ओढ्याकाठी | शनिवार, रात्री ९.००

नवीन मशीन उभं राहिलं. क्लाउड फायरवॉल लावायच्या आधी मुद्दाम बाहेरून एनमॅप चालवलं. हॉटस्पॉटवर बराच वेळ लागला. २२, ८०, ४४३ आले. आणि ८०८० आला.

८०८० वर काय असेल ते मला सुचेना. फोनच्या ब्राउझरमध्ये उघडलं तर अ‍ॅडमिनरचं लॉगिन पान. डेटाबेस ब्राउझरमधून बघायचं साधन, दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे काम शिकायला आलेल्या मुलानं कंपोज फाइलच्या तळाशी टाकलेलं. जुनी फाइल मी नव्या मशीनवर तशीच नेली होती. वरच्या दोन सेवा दुरुस्त केल्या, खाली सरकून पाहिलं नाही. सर्व्हरवर बसून पुन्हा यूएफडब्ल्यूचं स्टेटस पाहिलं: २२, ८०, ४४३. फोनवर ते लॉगिन पान समोर उघडं, आणि लॅपटॉपवर हे स्टेटस. हे दोन्ही शेजारी शेजारी पाहिल्यावर घाटवाटताई काय सांगत होत्या ते पुरतं कळलं.

अ‍ॅडमिनर काढलं, क्लाउड फायरवॉल लावली, पुन्हा तपासलं. आता ८० आणि ४४३ दोनच. २२ वायरगार्डच्या आत गेला. आयपीव्ही६ वरही तेच. बॅकअप रोज रात्री दुसऱ्या ठिकाणी जातो, आणि दर रविवारी त्यातून एक पुस्तक परत काढून बघायचं असं ठरवलंय.

गेलेल्या नोंदींचं सांगायचं राहिलं. बाईंनी सगळी पुस्तकं संगणकावर चढवायच्या आधी दाखल नोंदवहीत हातानं लिहिली होती, दाखल क्रमांक, लेखक, प्रकाशक, किंमत. संगणक आला तरी ती वही बंद करायला त्यांनी नकार दिला होता, आणि मीच दोनदा त्यांना म्हणालो होतो की दुहेरी काम कशाला. त्या वहीवरून परवापासून आम्ही दोघं टाइप करतोय. २१२ पुस्तकं होती, आज १६० झाली.

---

रानजाई | शनिवार, रात्री ९.४०

वाचून डोळ्यांत पाणी आलं. बाईंना माझा नमस्कार सांगा.

माझ्याकडे ३३०६ होता. 'रिमोट मायएसक्यूएल'चं पान उघडलं तर यादीत एकच ओळ, टक्क्याचं चिन्ह. ज्यांनी साइट बनवून दिली त्यांनी तेव्हा टाकलं असणार. काढू का? काढल्यावर बुकिंग बंद पडणार नाही ना, उद्या दोन कुटुंबं यायची आहेत.

---

घाटवाट | शनिवार, रात्री ९.५५

वर्डप्रेसच्या सेटिंग फाइलमध्ये डेटाबेसच्या होस्टपुढे 'लोकलहोस्ट' लिहिलंय का तेवढं बघा. असेल तर बिनधास्त काढा.

---

रानजाई | शनिवार, रात्री १०.२०

लोकलहोस्टच आहे. काढलं. बुकिंगचं पान उघडतंय, भाच्याच्या फोनवरून एक खोटी नोंदणी करून पाहिली, तीही आली.